बशीरचाचांना न सापडलेला करंट

उद्यमनगरातले मेकॅनिक बशीरचाचा गाडीला हात लावायच्या आधी मालकाची उलटतपासणी घेतात. गाडी उभी कुठं असते, शेवटी कोण बसलं होतं, घरात कुणाचं वाजलंय का, सगळं. कुणी वैतागलं तर म्हणतात, "गाडी खोटं बोलत न्हाय पावणं, मालक बोलतोय." बॅटरी उतरली की ती 'उपाशी', चार्जिंगला लावली की 'सलाईनवर'.

माझी गाडी दर चार-पाच दिवसांनी उपाशी पडायला लागली. बॅटरी ठणठणीत, डायनामोही चार्ज करत होता. वायरिंग बघायला चाचा दोनदा घरी येऊन गेले. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये, त्यामुळं खाली त्यांच्यासोबत आबा, माझे वडील, होते. दोन्ही वेळा चाचांनी एवढंच सांगितलं, की कुठंतरी करंट खातंय, पण सापडंना.

पुढच्या वेळी नेमकं सांगलीला जायचं होतं आणि गाडी उपाशी पडली. मी तसाच गॅरेजवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "दिसत नसेल तर धंदा बंद करा, चाचा."

एरवी शंभर प्रश्न विचारणारा माणूस नुसतं "चुकलं सायेब" म्हणाला आणि हात पुसत आत गेला.

आठवड्यानं दुपारची एक मीटिंग रद्द झाली म्हणून मी खाली आलो. दारातल्या गाडीत आबा बसले होते. इंजिन बंद, नुसती किल्ली फिरवलेली, रेडिओवर जुनी गाणी, आणि शेजारच्या सीटवर चहाचा कप घेऊन बशीरचाचा. मला बघताच आबांनी घाईघाईनं रेडिओ बंद केला.

चाचा उतरले आणि मला फाटकापर्यंत घेऊन गेले.

"पयल्या दिवशीच सापडलंतं. आबा रोज दोन-दोन तास हितं बसत्यात. घरात रेडिओ लावला की तुमी वरनं वरडताय म्हनं. पोराला सांगू नगा म्हनाले."

खरं होतं. आई गेल्यापासून दिवसभर त्यांना रेडिओचीच सोबत होती, आणि माझ्या मीटिंगा चालू असताना तो लावायचा नाही, असं मी त्यांना दरडावलं होतं.

मी गॅरेजवरचं बोलणं काढलं. मान वर होत नव्हती.

"ते ऱ्हाऊ द्या," चाचा म्हणाले. "आबास्नी कायबी बोलू नगासा."

मी मागचं दार उघडून बसलो आणि आबांना गाणी लावायला सांगितलं. त्यांनी आरशातून एकदा माझ्याकडं बघितलं. मग रेडिओ लावला, पण आवाज अगदी बारीक ठेवला.