सासूबाईंनाही जमेल असं बटण

"इतकं सोपं करतो सर, की माझ्या सासूबाईंनाही जमेल!"

भर बैठकीत विद्यापीठाच्या संगणक केंद्राचे प्रमुख हे बोलून गेले, तेव्हा त्यांना सासूबाईंचा अपमान करायचा नव्हता. त्यांना फक्त आपला महासंगणक वाचवायचा होता.

हा महासंगणक म्हणजे चारशे संगणकांची बांधलेली मोट. तळघरातल्या थंडगार खोलीत घूं घूं करत बसायची. साध्या संगणकाला वर्षभर पुरेल असं गणित ती एका दुपारी उडवायची. अडचण एवढीच, की तिच्यापर्यंत पोहोचायचं म्हणजे आधी चौदा पानांचा अर्ज, मग पडद्यावर एक काळीकुट्ट खिडकी, आणि तिच्यात न चुकता टाइप करायच्या तेवीस ओळी. एक स्वल्पविराम हलला की यंत्र रुसलंच! सहा महिन्यांत तिकडे भौतिकशास्त्राचे तिघेच फिरकले होते. त्यातले एक तर नुसते गारव्याला येत.

"बाकीच्यांना जमत नसेल तर यंत्र दुसऱ्या विद्यापीठाला देऊन टाकू," कुलगुरू म्हणाले होते. "तळघरात टेबल टेनिस छान होईल."

त्यावर प्रमुखांची ही गर्जना! कुलगुरू गोड हसले.

"वा! मग गुरुवारी अकराला त्यांनाच घेऊन या. त्यांनी चालवून दाखवलं तर यंत्र राहील."

घरी बायकोनं कपाळाला हात लावला. "आईला? अहो, आपल्या वॉशिंग मशीनचं बटण तुम्ही मला विचारून दाबता!"

सासूबाई मात्र शांत होत्या. दाताच्या दवाखान्यात बाहेरचं टेबल त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं होतं. सुजलेल्या गालांची माणसं नुसत्या नजरेनं जागेवर बसवली होती.

"मी करायचं काय?"

"फक्त बटण दाबायचं, आई."

"मग दाबेन की. त्यात एवढं घाम फुटण्यासारखं काय आहे?"

प्रमुख कामाला लागले. अर्ज गेला, काळी खिडकी गेली, तेवीस ओळी गेल्या. उरला एक चौकोन, त्यात आपली फाइल टाकायची. आणि खाली परातीएवढं हिरवं बटण, 'चालवा'. पूर्वी काम पाठवलं की 'तुमचे काम रांगेत आहे' अशी ओळ यायची. रांग म्हटलं की माणूस बिचकतो, असा विचार करून प्रमुखांनी तीही काढली. तिच्या जागी एक हसरा चेहरा बसवला. आपल्याच कल्पकतेवर ते दोन दिवस खूश होते.

सोमवारी पान सगळ्या विभागांना खुलं झालं. संध्याकाळपर्यंत नऊशे कामं आली! बुधवारी आकडा सहा हजारांवर! प्रमुखांनी आलेखाचा फोटो काढून बायकोला दाखवला. रेघ शिडीसारखी सरळ वर गेली होती.

"एवढे संशोधक आहेत तुमच्याकडे?" बायकोनं विचारलं.

तो प्रश्न त्यांनी मत्सर समजून सोडून दिला.

गुरुवारी अकराला कुलगुरू खुर्चीत, सासूबाई पडद्यासमोर. त्यांनी नमुन्याची फाइल टाकली आणि ठसक्यात बटण दाबलं. हसरा चेहरा उगवला. एक मिनिट गेलं. पाच गेली.

"जावईबापू, हा नुसताच हसतोय."

"होईल, आई."

कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं. प्रमुखांनी घाईघाईनं आतली यादी उघडली आणि त्यांचा चेहरा तळघरापेक्षा गार पडला. सासूबाईंच्या पुढे सहा हजार दोनशे चौदा कामं होती!

तेवढ्यात दार ढकलून फुलपाखरांवर संशोधन करणाऱ्या बाई आत आल्या. मागोमाग पुलांचे प्राध्यापक.

"तीन दिवस झाले! तुमचं ते थोबाड हसतंय आणि माझ्या फुलपाखरांच्या पंखांचा पत्ता नाही!"

"माझा पूल वादळात कधी कोसळतो ते मला आजच कळायला हवं!" प्राध्यापक ओरडले. मागे व्हरांड्यात आणखी दहा-बारा चिडलेली डोकी दिसत होती.

"बाई, तुम्ही काम पाठवलंत किती वेळा?" प्रमुखांनी क्षीण आवाजात विचारलं.

"एकदाच! मग काहीच होईना, म्हणून पुन्हा दाबलं. मग पुन्हा. लिफ्टचं नाही का आपण दाबत?"

यादीत फुलपाखरं आठशे बारा वेळा होती. पूल एक हजार चाळीस वेळा कोसळायचा होता. यंत्र बिचारं इमानेइतबारे सोमवारी पहिल्या आलेल्या कुणाचं तरी एकच गणित पुन्हा पुन्हा सोडवत बसलं होतं.

कुलगुरू उठले. टेबल टेनिसचा टकटक आवाज प्रमुखांच्या कानात घुमू लागला.

"बसा!"

सगळे बसले. कुलगुरूसुद्धा. सासूबाईंनी वहीचा कागद फाडून चिठ्ठ्यांवर आकडे घालायला घेतले होते.

"फुलपाखरं, क्रमांक एक. आठशे अकरा रद्द करा हो जावईबापू. पूल, दोन. किती वेळ लागेल तुमच्या कोसळायला?"

"चाळीस मिनिटं," प्राध्यापक नरमले.

"मग चहा पिऊन या. आणि तुम्ही," त्या कुलगुरूंकडे वळल्या, "माझ्यासोबत आलात, म्हणजे चौदा. बसल्या बसल्या या बाईंशी बोला."

पाऊण तासात यादी सहा हजारांवरून चौदावर आली. कुलगुरूंना पंखांविषयी इतकं ऐकायला मिळालं, की संध्याकाळी आपला क्रमांक लागून नमुन्याचं उत्तर आलं तेव्हा ते किंचित नाराज झाले. जाताना म्हणाले, "यंत्र राहू दे. पण पडद्यावर काय लिहायचं ते यांना विचारून लिहा."

हसरा चेहरा गेला. सासूबाई सांगत गेल्या, प्रमुख टाइप करत गेले: 'तुमच्या पुढे सात जण आहेत. साधारण दोन तास लागतील.' आणि दुसऱ्यांदा बटण दाबणाऱ्यासाठी: 'एकदा सांगितलेलं कळत नाही का? बसा.'

"आई, निदान 'कृपया' तरी घालू?"

"कृपया म्हटलं की लोक उठतात."

आता महिन्याला सतरा विभाग तिथे कामं पाठवतात, कुणाची तक्रार नाही. परवा प्रमुखांनी स्वतःचं एक गणित पाठवलं. पुढे चार जण होते. त्यांनी दोन मिनिटं वाट पाहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर ओळ उमटली. प्रमुख खुर्चीत बसलेलेच होते. तरीही ते जरा सावरून बसले.