गॅसची लाइन राखणारी कमल

माझी बायको कमल पायात एकच जोडवं घालायची. दुसरं गोबरगॅसच्या पाइपात टांगलेलं असायचं. चांदी काळी पडली की ओळखायचं, गॅस आंबट झाला, आता हा लोखंड खाणार. मग ही जळगावच्या लेथवाल्याकडून लोखंडाचा चुरा पिशवीत भरून एस्टीने आणायची. चुरा गंजवायचा, डब्यात भरायचा आणि गॅस त्यातून सोडायचा. विखार चुऱ्यात अडकतो, पाइप वाचतो.

धरणगावकडच्या आमच्या गल्लीत नऊ घरांत मिळून एक गोबरगॅस होता. धुळ्याचे गोबरगॅसवाले साहेब लाइन राखायला शिकवणार होते तेव्हा बाप्ये नाकं मुरडून घरी बसले. ही शिकायला गेली. मी चौथी नापास, ती तेवढीही शिकलेली नाही. पण सांडशीने पाइप ठोकून सांगायची, "हाऊ चांगला शे. हाऊ आतून सडेल शे." खोदलं की तसंच निघायचं.

शेवटच्या घरातली भागाबाई हिची वैरीण. नळावरच्या भांडणापासून बोलणं बंद. बोलायची ती दुसऱ्या बायांना ऐकवून, "नवरा जित्ता शे ना तिन्हा? मग जोडवं कोठे शे?"

ही पाइपाकडे बघून म्हणायची, "नवरा पाइपात टांगेल शे."

दहा वर्षांनी तेच साहेब लाइन तपासायला आले. "मावशी, भागाबाईंकडे जाणारा तुकडा चाळणी झालाय. नवा पाइप एवढ्यात मिळत नाही. त्यांचं घर बंद करा, नाहीतर सगळी लाइन जाईल."

मी मनात म्हटलं, जिरली.

कमल म्हणाली, "मी बंद करस नही. दोन दिन द्या."

दुसऱ्या दिवशी सांजच्याला शेतातून आलो, तर आमची शेगडी उपडी आणि ही चुलीत फुंकतेय. आमच्याच घराचा पाइप उपटून भागाबाईला बसवला होता. मी भडकलो.

"तिन्हा डोयानं आपरेशन व्हयेल शे," ती म्हणाली. "धूर चालस नही. कोनले सांगू नका."

साहेबांनी येऊन पाइप ठोकला. खणखणीत. सगळ्यांदेखत त्यांनी कमलला हात जोडले. माझी छाती दोन बोटं फुगली.

चूल कशाला, असं बायांनी विचारलं, तर ही सांगायची, "यासले चुलावरनीच भाकर लागस." गल्लीत नाव माझं खराब. नवा पाइप आलाच नाही.

मागच्या पौषात कमल गेली. भागाबाई आमच्या दारात बसून रडली, आणि रडता रडता मलाच म्हणाली, "भाऊ, घरमा गॅस व्हता, तरी आख्खी जिनगी तिले चूल फुंकाले लावी."

मी मान खाली घातली. तेव्हाही नाही सांगितलं. आता सांगतो. भागाबाई, तो पाइप आमचा होता.