भादरलेल्या सहा मेंढ्या

ताई जेवून परतल्या तर गोठ्यात सहाच्या सहा मेंढ्या उघड्याबोडक्या उभ्या! सकाळी पाठीवर निळ्या रंगाने घातलेले आकडे लोकरीसकट पोत्यात गेले होते आणि उरलेसुरले पुंजके दुपारच्या उन्हात संथ तरंगत होते. आपण झोपेतच आहोत असं ताईंना वाटलं.

"मामा, हे काय केलंत?"

"मी कुठं? कातरणारा आला, कातरून गेला. आज त्याची पाळीच होती की!" मेंढ्या सांभाळणारे मामा म्हणाले.

झालं! सकाळी तिघींना इंटरफेरॉन हे औषध टोचलं होतं, तिघींना नुसतं मिठाचं पाणी. औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात का, एवढंच ताईंना पाहायचं होतं. दोन वर्षांच्या प्रबंधाचा हा शेवटचा प्रयोग, आणि मेंढ्या उद्या परत जायच्या होत्या. आता कोण कुठली, देव जाणे.

तरी त्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं, नळ्यांवर अक्षरं घातली, त्याच अक्षरांच्या चिठ्ठ्या मेंढ्यांच्या गळ्यात बांधल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली फिकट गुलाबी मैदान पसरलं. तीन नमुन्यांत जांभळ्या पेशींची झुंबड. तीन नमुन्यांत मात्र सामसूम, जणू सगळ्या वामकुक्षीला गेल्या होत्या. ताईंचेही डोळे जडावले. त्या गुंगीत एक गोड विचार हळूच आत शिरला: सामसूमवाल्या तिघींनाच औषध दिलं असं लिहून टाकलं तर? कोण विचारतंय!

पेन कागदाला टेकलं आणि त्या खडबडून जाग्या झाल्या. जे शोधायचं तेच गृहीत धरायचं? छे! त्यांना रडूच आलं. डोळे पुसत त्या गोठ्यात गेल्या.

"मामा, दोन वर्षं पाण्यात गेली. कुठली एक नंबर नि कुठली सहा, आता कसं कळणार?"

"तोंड बघून," मामा शांतपणे म्हणाले. "सकाळी आकडे घालताना मीच तर धरल्या होत्या." त्यांनी बोट दाखवलं. "ही बसक्या नाकाची, ती एक. ही कायम रुसलेली, चार. आणि ती माझ्या मेहुणीसारखी बघतेय ना, ती सहा."

"अहो, मग मघाशीच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

ताईंनी वही उघडली. औषध दिलेल्या: एक, चार, सहा. त्या तिघींच्या गळ्यातली अक्षरं नळ्यांवरच्या अक्षरांशी ताडून पाहिली. सामसूमवाल्या नेमक्या त्याच तिघी!

संध्याकाळी त्यांनी घाबरत घाबरत मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं.

"म्हणजे मोजताना कुठली कुठली, हे तुला ठाऊकच नव्हतं?"

"नाही सर. चुकलंच माझं."

"चुकलं? अगं, असंच, नंबर न बघता मोज म्हणून दोन वर्षं कानीकपाळी ओरडतोय मी!"

आणि सरांनी प्रबंधात स्वतःच्या हाताने लिहिलं: 'मोजणाऱ्या व्यक्तीला मेंढ्यांची ओळख पटू नये, यासाठी विशेष व्यवस्था करण्यात आली होती.'