झाकलेलं ताट

गायकवाड काका खुर्ची दिसली की आधी ती उलटी करतात. पाय हलवून बघतात, जोडावर बोट फिरवतात, टिचकी मारतात, "ओके" म्हणतात आणि मगच टेकतात. चाकणच्या एका कंपनीत वेल्डिंग तपासण्यात त्यांचा जन्म गेला. मला वाटलं, सवय असेल. पण दवाखान्यात वजन कमी करायला येणाऱ्यांच्या आमच्या गटात ते सगळ्यांच्याच खुर्च्या तपासायला लागले, तेव्हा उलगडा झाला. एका लग्नात त्यांच्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली होती आणि अख्खा मांडव हसला होता. तेव्हापासून दुसऱ्या जाड माणसावर ती वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलंय. "ताई, तुम्ही ही घ्या. ती रिजेक्ट."

मी समुपदेशक. वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी माणसाच्या मनाची तयारी बघते. मी हो म्हटल्याशिवाय सर्जन पुढे जात नाहीत. काकांना ही भानगडच पटेना. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, मग डोकं कशाला तपासता, असं त्यांचं म्हणणं. खाण्याचं विचारलं की छाती ठोकून सांगायचे, एका वेळी एकच ताट. अहो, एका ताटावर एवढं वजन चढतं का कुठे? मी प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडलं. शेवटी वैतागून म्हणाले, "दुसरं ताट माझं नाहीच मॅडम. ते मंदाचं."

मंदाकाकू म्हणजे त्यांची बायको. दोघंही कंपनीत, शिफ्ट उलट्या. रहाटणीच्या दोन खोल्यांत एकजण यायचं तेव्हा दुसरं निघालेलं असायचं. आधी जेवेल त्याने दुसऱ्याचं वाढून झाकून ठेवायचं, असा त्यांचा संसार. काकू गेल्या, पण काकांचा हात थांबला नाही. रोज वाढतात, झाकतात. सकाळी ताट तसंच दिसतं, टाकवत नाही, म्हणून खातात. आणि ते स्वतःच्या खाण्यात धरतच नाहीत.

मला गलबलून आलं. तरी मी ऑपरेशनला नाही म्हटलं. ऑपरेशननंतर वाटीभर जेवणारं पोट, त्यात दोन माणसांचं कसं मावणार? ताट झाकणं सोडू नका, म्हटलं, पण खरंच येणाऱ्या माणसासाठी झाका. काका इतके रागावले की जाताना माझीच खुर्ची रिजेक्ट करून गेले.

महिन्याभराने आले ते नरम होऊन. त्यांच्या वरच्या खोलीत बीडकडच्या शिंदेबाई भाड्याने राहतात. रात्रपाळीवरून येऊन बिचाऱ्या चहा-बिस्किटावर झोपतात, हे काकांना कळलं होतं. ताट आता तिकडे जात होतं. मी आनंदाने हो म्हटलं. घराची किल्ली शिंदेबाईंकडे देऊन काका ऑपरेशनला गेले.

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गटात आले आणि खुर्ची न तपासता सरळ बसले. आम्ही सगळे बघतच राहिलो. दुखतंय का, असं मी विचारलं.

"नाही हो," काका म्हणाले. "दवाखान्यातून घरी गेलो, तर ओट्यावर वाटी. डाळीचं पाणी. माझ्यासाठी झाकून ठेवलेलं."

मग उठले आणि शेजारच्या ताईंची खुर्ची उलटी करायला लागले.