कोराबाईंची पुण्यतिथी

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात एका अमेरिकन नटीची पुण्यतिथी पुरणपोळी करून पाळली जाते. पाळणारे एकटे बोकारेकाका. जेवायला मात्र आम्ही सगळे. दिवाणखान्यात कोरा बेलचा काळा-पांढरा फोटो, त्याला हार, पुढ्यात उदबत्ती. २००५ साली पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी फोटोला फूल वाहून मनोभावे नमस्कार केला आणि मला हळूच विचारलं, "बोकारेंच्या सूनबाईंची आजी का हो? किती गोरी होती!"

काका म्हणजे आमच्या शेजारच्या निखिलचे वडील. नागपूरला मराठीचे मास्तर होते, गॅदरिंगची नाटकं बसवायचे. काकू गेल्यावर मुलाकडे आले. इंग्रजी वाचता यायचं, पण इथली माणसं बोलू लागली की मास्तर कोरे. मग लायब्ररीत त्यांना मूकपट सापडले. पाट्या वाचायच्या आणि चेहरे बघायचे. तिथेच कोरा बेल भेटली आणि आठवडाभरात ती 'कोराबाई' झाली.

कोराबाईंचं कर्तृत्व थोडक्यात सांगायचं तर त्या बेशुद्ध पडायच्या. खलनायक आला की पडायच्या, नायक आला की पडायच्या, तार आली तर वाचायच्या आधीच पडायच्या. आम्हाला सगळं एकच वाटे. काका खवळत. "काहून हसून राहिले बापा? ही पुत्रशोकाची मूर्च्छा, अन् ती नुसत्या अपमानाची! फरक पाहा ना जरा!" आणि आम्हाला फरक कळावा म्हणून स्वतः पडून दाखवत. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या एका पॉटलकला ते आमच्या गालिच्यावर असे काही कोसळले की नव्याने आलेल्या एका मुलीने घाबरून ९११ फिरवला. अँब्युलन्सवाले आत आले तेव्हा काका उठून पुढचा प्रकार दाखवत होते.

अँब्युलन्सवाल्यांना समजावायला अर्थातच निखिल धावला. "बाबा, तुम्ही राहू द्या, मी बोलतो." हे वाक्य निखिलच्या जिभेवर कायमचं मुक्कामाला होतं. बँकेत तो बोले, दुकानात तो बोले. डॉक्टरांनी काकांना कुठे दुखतंय म्हणून विचारलं, तरी उत्तर निखिलच देई. इतका कर्तव्यदक्ष मुलगा की बापाचं पोटही तोच दुखवून घेई!

मग लायब्ररीतल्या बाईंनी काकांना ज्येष्ठांच्या दुपारच्या कार्यक्रमात कोराबाईंवर बोलायला बोलावलं. काकांनी आठवडाभर आरशासमोर तयारी केली. निखिलचा जीव मात्र खालीवर. "यार, त्यांचा अ‍ॅक्सेंट कुणाला कळणार? लोक हसतील. मीच प्रेझेंट करतो." त्या दिवशी काका इस्त्रीचा कोट घालून माझ्याशेजारी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पडद्यावर कोराबाई यथेच्छ पडल्या. निखिलने माइकवरून चार वाक्यं सांगितली. तेवढ्यात एका आजीबाईंनी विचारलं, बोलपट आल्यावर हिचं काय झालं?

"तिचा आवाज चांगला नव्हता," निखिलने ठोकून दिलं. "म्हणून करिअर संपलं."

"नो!" काका उभे राहिले.

"बाबा, मी बोलतोय ना..."

"व्हॉइस वॉज गुड!" काका आजीबाईंकडे वळले. "नोबडी हर्ड. दे सेड, मॅडम, यू सिट. अदर गर्ल विल टॉक."

कुणीही हसलं नाही. आजीबाईंनी विचारलं, "अँड देन?"

"देन शी सोल्ड ग्लव्ह्ज इन शॉप. देन शी सॅट होम." "होल डे, शी सॅट."

निखिलने माइक त्यांच्या हातात दिला. मग तो खाली मान घालून बसला. इतकी वर्षं पुरणपोळ्या हाणल्या, पण या माणसाशी गप्पा मारायला म्हणून मी कधी त्याच्या घरी गेलो नव्हतो.

निखिलला तिथूनच ऑफिसला जायचं होतं, म्हणून काका माझ्या गाडीत बसले. बसल्या बसल्या जे सुरू झाले, ते थांबेचनात. शाळेच्या गोष्टी झाल्या, हेडमास्तरांच्या झाल्या, मग काकूंच्या निघाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्या कशा रुसल्या, ते सांगायला लागले. कोराबाईंचं त्यात नावही नव्हतं.

"अरे बापा, घर मागं गेलं ना!"

"जाऊ द्या हो काका," मी म्हणालो. "मग काकू काय म्हणाल्या?"