बाजेवरचं अपडेट

"आज पौर्णिमेचा कार्यक्रम हाय. आज तिला हात लावू नका," बबिता स्वयंपाकघरातून म्हणाली. तोवर सिद्धोधननं पेटीला वायर लावलीसुद्धा होती.

ही पेटी म्हणजे नेहमीची भात्याची पेटी नव्हे. काळी, लांबट, आणि पट्ट्या रबरासारख्या मऊ. बोट दाबलं की सूर भरून यायचा, बोट जागच्या जागी हलवलं की सूर थरथरायचा आणि बोट न उचलता पुढं सरकवलं की सूरही घसरत घसरत पुढच्या सुरावर जाऊन बसायचा. दुकानदार तिला एक्स्प्रेसिव्ह कीबोर्ड म्हणायचा, झरी गाव रबरी पेटी म्हणायचं.

सिद्धोधन जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ही पेटी घ्यायची म्हणून तो आख्खा हिवाळा रेंजसाठी गच्चीवर छातीवर मोबाईल ठेवून पडला होता. पट्ट्या किती असाव्यात, लाईट गेल्यावर बॅटरीवर चालते का, मोटारसायकलला बांधून तालुक्याला, मानवतला नेता येईल का, कापसाच्या दिवसांतली धूळ तिला सोसेल का, असे प्रश्न त्याला चांदण्यात पडत आणि चांदण्यातच विरून जात. सल्ला द्यायला नागेश होता. नागेशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि गायन पार्टीत ढोलकीही त्याचीच. जगातली सगळी यंत्रं ही बिघडलेली मोटार असते, असं त्याचं मत होतं.

"रिवाइंडिंग होतंय का हिचं?"

"हिच्यात मोटारच न्हाई."

"मग जळाल्यावर करायचं काय?"

पुण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला होता, "सर, हिला फर्मवेअर अपडेट येत राहतात. पेटी दिवसेंदिवस सुधारत जाते." फर्मवेअर म्हणजे पेटीच्या आतली अक्कल, असं सिद्धोधननं बायकोला समजावून सांगितलं. त्यावर बबितानं मोबाईल आपल्याकडे ओढून विचारलं, "मग सगळी अक्कल आत्ताच घालून द्यायला काय झालं?" नेमकी तेव्हाच रेंज गेली.

पण पेटीमागचं खरं कारण बबितालाही ठाऊक होतं, म्हणून ती फार ताणत नव्हती. सिद्धोधनचे वडील किशनराव एके काळी गायन पार्टीचे मुख्य गायक. गेल्या आजारपणात त्यांचा गळा गेला; आता आवाज निघायचा तो वाळल्या पानासारखा, जेमतेम शेजारच्याला ऐकू येईल इतका. त्यांचं गाणं कुणी कधी टेपवर घेतलं नव्हतं. ते एका सुरावरून दुसऱ्या सुरावर कसे जायचे, मध्ये किती रेंगाळायचे, हे फक्त सिद्धोधनच्या कानात उरलं होतं, आणि आपणही कधीतरी विसरू याची त्याला फार भीती वाटे. भात्याच्या पेटीत ते रेंगाळणं यायचं नाही. या पेटीत येईल असं वाटत होतं. आज विहारासमोर, सगळ्या गावादेखत, बाबांना बाबांचा आवाज ऐकवायचा, एवढंच त्याचं स्वप्न होतं.

पण पेटी एक खोडी करायची. गंधारावरून मध्यमावर घसरताना ऐन वाटेत तिला उचकी लागायची. किशनरावांचा तर सगळा जीव त्याच वाटेत असायचा. ही उचकी नव्या अपडेटमध्ये काढून टाकली आहे, असं कंपनीनं दुपारीच कळवलं. मग सिद्धोधनला दम निघेना.

अपडेट सुरू झालं. वायरीच्या दुसऱ्या टोकाला बबिताचा लॅपटॉप होता, त्याच्या पडद्यावर हिरवी रेघ मुंगीच्या चालीनं निघाली. खाली लिहिलं होतं, वायर काढू नका, काही बंद करू नका. रेघ अर्ध्यात आली आणि लाईट गेली.

पेटी बॅटरीवर होती, तिचं काही बिघडलं नाही. पण बबिताचा लॅपटॉप जुना. चार्जरची साथ सुटली की तो डोळे मिटायला लागायचा.

"मधीच बंद पडला तर?" बबितानं विचारलं.

"मग ती पेटी राहत न्हाई. पाट होतो," सिद्धोधन म्हणाला. त्याचा चेहराही पाटासारखाच झाला होता.

"विहारात इन्व्हर्टर हाय," ढोलकी घेऊन दारात आलेला नागेश म्हणाला. "उचला अन् चला."

"वायर हलली तर?"

"हलू द्यायचीच न्हाई. बाजंवर ठेवू. बाज खांद्यावर घेतली की झोल जात न्हाई."

कल्पना नागेशची होती, पण त्या घटकेला ती कुणालाच वावगी वाटली नाही. गल्लीतले आणखी दोघे आले. बाजेवर पेटी लांबीनं ठेवली. लॅपटॉप उशाला टेकवून उभा केला. बाहेर ऊन आणि फुफाटा, म्हणून बबितानं वरून धुतलेली पांढरी चादर टाकली. पौर्णिमा असल्यामुळे चौघेही पांढऱ्या कपड्यांत होते, बबिताही पांढऱ्या साडीत. सिद्धोधननं सगळ्यांना बजावलं, "कुणी बोलू नका. बोललं की पाय चुकतो."

अशी ती बाज किशनरावांच्या दारातून निघाली.

उन्हं कलली होती. विहाराची वाट लिंबाच्या सावल्यांतून जाते. चौघे माना खाली घालून, पावलाला पाऊल लावून, झोपेत चालल्यासारखे चालले होते. रेघ कुठवर आली ते बघायला बबिता दर थोड्या वेळानं चादरीत डोकं घालायची आणि घामानं डबडबलेली बाहेर यायची. मग पदरानं डोळे पुसायची.

पहिल्यांदा रुख्मिणीबाईंनी पाहिलं. त्या शेजारच्याच. त्यांनी बाज पाहिली, चादर पाहिली, बबिताचे डोळे पाहिले आणि हातातलं सूप ओट्यावर ठेवून त्या मुकाट्यानं मागं चालू लागल्या. पुढच्या घरातून दोघी आल्या. पानटपरीवरची माणसं टोप्या काढून उठली. हाराचं दुकानही वाटेतच होतं. विहारासाठी आणलेल्या फुलांतून कुणीतरी ओंजळभर उचलली. थोड्याच वेळात मागं अर्धं गाव झालं आणि कुणीतरी हळू आवाजात, कार्यक्रमात आणि मयतीतही म्हणतात ते त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी चाललीय, असं वाटून सिद्धोधनला बरं वाटलं.

किशनराव त्या वेळी स्टँडजवळ दाढी करायला गेले होते. गुळगुळीत गालांनी, अंगात नवा पांढरा सदरा, असे ते कोपऱ्यावर आले आणि समोरून मयत जाताना दिसली. रीतीप्रमाणे ते मागं सामील झाले. त्यांच्या पुढं शेतातून परतलेले व्यंकटराव चालले होते. त्यांचं आणि किशनरावांचं शेत बांधाला बांध लागून.

"कोण गेलं हो?" किशनरावांनी वाळक्या आवाजात विचारलं.

"किशनराव," मागं न बघता व्यंकटराव म्हणाले.

किशनराव चालतच राहिले. लिंबाची पिवळी पानं गळत होती, पुढं सगळं पांढरं पांढरं तरंगत चाललं होतं. त्यांना वाईट वाटलं नाही. असंच असेल, असं वाटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "माणूस कसा होता?"

"माणूस सोन्यासारखा. कधी बांध कोरला न्हाई."

"गायचा म्हणं."

"गायचा की. पण एकदा बसला की उठायचा न्हाई. आमी रानात जागलीला असलो तरी ऐकावंच लागायचं," व्यंकटराव म्हणाले. मग त्यांना वाटलं, मेलेल्या माणसाविषयी जास्तच बोललो, म्हणून ते सावरायला मागं वळले. वळले आणि रस्त्यातच खाली बसले.

"जय भीम, व्यंकटराव," किशनराव म्हणाले.

"जय भीम," व्यंकटराव कसेबसे म्हणाले. "तुमी... तुमी इकडं मागं काहून?"

पुढं बाज विहाराच्या अंगणात टेकली होती. सिद्धोधननं लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरला लावला आणि मगच श्वास सोडला. रेघ पूर्ण झाली. लॅपटॉपनं टिंग केलं. शेवटची एकच पायरी उरली होती. पेटीला वाजवणाऱ्याच्या हाताची ओळख करून द्यायची. पडद्यावर लिहून आलं होतं, आता पट्ट्यांवर नेहमीसारखा हात ठेवा. हात स्वच्छ हवेत, म्हणून सिद्धोधन नळाकडे गेला.

तेवढ्यात गावानं अंत्यदर्शन घ्यायला सुरुवात केली.

रुख्मिणीबाईंनी चादरीवरूनच दोन्ही हात टेकवले आणि हंबरडा फोडला. त्यांच्या मागून एकेक जण आला, हळुवार हात ठेवून, फुलं वाहून पुढं गेला. कुणी पायाकडे हात लावला, कुणी छाती समजून मध्यावर. पेटी बिचारी सगळ्यांची ओळख करून घेत राहिली.

"अरे, काय करायलाव!" सिद्धोधन ओल्या हातांनी धावत आला आणि त्यानं चादर ओढली. गावानं बघितलं. खाली काळी पट्ट्यांची पेटी आणि उशाला लॅपटॉप. त्यावर लिहिलं होतं, 'आपला स्पर्श ओळखला. धन्यवाद.' त्याच क्षणी व्यंकटरावांच्या खांद्यावर हात ठेवून किशनराव अंगणात आले.

रुख्मिणीबाईंचा हंबरडा मध्येच थांबला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "दाढी केली व्हय?"

मग जो गोंधळ झाला, तो सांगण्यात अर्थ नाही. रागावलेले, हसलेले, फुलं परत मागणारे, सगळे एकदम बोलत होते. सिद्धोधनला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यानं गंधारावर बोट ठेवलं, तर पेटी दचकलेल्या म्हशीसारखी ओरडली. फुलांइतक्या हलक्या हाताची सवय झालेल्या पेटीला त्याचं बोट म्हणजे घणच वाटत होता.

"पुन्हा ओळख करून द्या की," नागेश म्हणाला.

सिद्धोधन लॅपटॉपकडे वळला. इन्व्हर्टर मिळाला, रेंजही मिळाली, म्हणून लॅपटॉपनं स्वतःचंच अपडेट सुरू केलं होतं. निळ्या पडद्यावर एक गोल फिरत होता. बंद करू नका, म्हणत होता.

सिद्धोधन बाजेच्या कडेला बसला. त्याला रडू येईल असं वाटलं. समोर खिरीची पातेली उतरत होती, पणत्या लागत होत्या, बाबा पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते. सगळा हिवाळा ज्याच्यासाठी घालवला ते हातातून गेलं होतं.

बबितानं मातीत पडलेली चादर उचलली, झटकली. "सगळ्यांनी चादरीवरून हात लावला ना?" ती म्हणाली. "मग तुमी पण चादरीवरून लावा."

तिनं पेटीवर चादर पसरली. पट्ट्या दिसेनाशा झाल्या. सिद्धोधननं डोळे मिटले, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता. झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा त्यानं हात टेकवला आणि चादरीवरून बोट सरकवलं. गंधारावरून सूर निघाला, वाटेत रेंगाळला, थरथरला, जाऊ की नको म्हणाला आणि मध्यमावर जाऊन बसला. उचकी लागली नाही.

शेतांच्या मागून चंद्र वर येत होता. मोठा, तांबूस, अजून जमिनीला टेकलेला. सूर अंगणातून उठून कापसाच्या मोकळ्या रानांवर पसरत गेला. खीर वाढणारे थांबले. नागेश ढोलकीवर हात ठेवून नुसताच बसला. रुख्मिणीबाईंनी परत पदर डोळ्यांना लावला, पण आता आवाज काढला नाही. सगळ्या गावानं तो आवाज पहिल्या घसरणीतच ओळखला होता. व्यंकटराव किशनरावांच्या शेजारी बसले होते आणि त्यांच्या हातातल्या द्रोणातली खीर तशीच होती.

ओळखलं नव्हतं ते फक्त किशनरावांनी. ते कानामागं हात धरून, मान वाकडी करून ऐकत होते. बबिता खीर घेऊन आली, तसं त्यांनी तिला खुणेनं खाली बसवलं.

"हा कोण गायलाय गं?"

"तुमीच हाव की मामा," बबिता म्हणाली. "तुमी असंच गायचात."

किशनरावांनी पुन्हा कान दिला. सूर वर गेला, तिथं थबकला आणि खाली येईना. त्यांच्या गुळगुळीत गालावरून पाणी ओघळलं, ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"मी असा गायचो?" ते म्हणाले. "मग मला कुणी सांगितलं कसं न्हाई?"

व्यंकटरावांनी खिरीचा द्रोण खाली ठेवला आणि खाकरून घसा साफ केला.

"आमाला वाटायचं," ते म्हणाले, "तुमाला म्हाईत असंल."