करमुक्त ढोली

एका जंगलात जन्मावं आणि दुसऱ्या जंगलात राहावं, ह्यात पाप ते काय? काही नाही, बाळांनो. फक्त मध जास्त लागतो. कसा, ते ऐका.

नदीच्या दक्षिणेला एक मोठं जंगल होतं आणि उत्तरेला एक थंड जंगल. दक्षिणेतले केसूनाना अस्वल उत्तरेच्या धवलाबाईंच्या प्रेमात पडले. नदी पोहून आले आणि त्यांच्याच गुहेत राहिले. उत्तरेच्या राजाने नानांच्या कपाळावर शिक्का मारला, 'कायमचा रहिवासी'.

हा राजा तसा भला. जो इथे राहील त्याने मधातला वाटा द्यावा, एवढंच त्याचं म्हणणं. शिवाय प्रत्येक रहिवाशाला तो एक करमुक्त ढोली देई. तिच्यात थंडीसाठी मध साठवायचा. त्याला राजा बोट लावत नसे.

नानांनी ढोली काठोकाठ भरली. बर्फ पडला की दोघांनी पोटभर खायचं आणि वसंतापर्यंत घोरायचं, असा बेत होता. उपाशी अस्वलाला झोप लागत नाही, आणि थंडीत जागं राहिलेलं अस्वल वाचत नाही. म्हणून ढोलीचं एवढं कौतुक.

एके दिवशी फांदीवर गरुड येऊन बसला.

"दक्षिणेच्या दरबाराचा वाटा काढा."

"अहो, मी ते जंगल सोडलं!"

"तुम्ही सोडलंत. जंगलाने तुम्हाला कुठे सोडलंय? जन्म आमचा, तर मधही आमचा."

"पण मी इथे वाटा देतो की!"

"मग घाबरता कशाला? दोन्ही राजांचा करार आहे. इथे दिलेलं तिथे वजा होतं."

नाना सुखावले. फार सरळ माणूस. म्हणजे अस्वल. खूश झाले की मनातलं सगळं सांगून मोकळे.

"आणि ह्या ढोलीवर तर करच नाही!" ढोलीवर थाप मारून ते म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गरुडाची मान गर्रकन वळली.

"इथे कर नाही, म्हणजे वजा करायलाही काही नाही. वर ढोली परक्या मुलखातली! तिची सगळी हकिकत लिहून द्या. चुकलात तर दंड."

दोन्हीकडचे कायदे जाणणारा एक कोल्हा नदीकाठी राहत होता. असे कोल्हे नदीकाठीच राहतात. हकिकत लिहायला नानांनी त्यालाच बोलावलं. त्याने ढोलीत डोकं घातलं, मध चाखला, कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा चाखला. पानगळ संपेपर्यंत तो लिहीत होता आणि चाखत होता.

"अभिनंदन, नाना! दरबाराचं देणं निघालं फक्त बोटभर मध."

"आणि तुमची फी?"

"ती मी घेतली."

नानांनी ढोलीत पंजा घातला, तो थेट तळाला लागला.

"मेल्या, तुझा मुडदा बशिवला!" धवलाबाई कडाडल्या. "अहो, माझी ढोली भरलेली आहे. दोघं मिळून खाऊ."

"सावकाश, बाईसाहेब," कोल्हा म्हणाला. "तुमच्या ढोलीला नानांचा पंजा लागला, तर तीही दरबाराला लिहून दाखवावी लागेल."

नानांनी चटकन दोन्ही पंजे पाठीमागे घेतले.

बर्फ पडू लागला. नानांच्या पोटात कावळे ओरडू लागले. पण मेलो तरी बेहत्तर, हिचा मध कोल्ह्याच्या घशात जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. फार जीव होता हो त्यांचा बायकोवर.

धवलाबाई उठल्या आणि पोळं घेऊन आल्या.

"पंजा लावू नका. नुसता आ करा."

नानांनी आ केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी कोल्हा खाकरला.

"बायकोने भरवलेला घास... ही भेट धरायची की उत्पन्न? बघावं लागेल. जरा चाखू का?"

धवलाबाईंनी पंजा उगारला आणि असा काही हाणला, की कोल्हा नदीपर्यंत घरंगळत गेला. ह्या पंजासाठी कुठल्याच करारात कलम नव्हतं. मग दोघं पोटभर जेवून झोपली. कोल्हा तेवढा लंगडत गरुडाला विचारायला गेला, इकडे खाल्लेला मार तिकडे वजा होतो का.

तात्पर्य: प्रामाणिकपणाचं फळ मधासारखं गोड असतं, म्हणूनच ते कोल्ह्याला फार आवडतं. शहाण्याने तोंड उघडावं ते खाण्यासाठी, सांगण्यासाठी नव्हे.